लाटेवर एक, काठावर अनेक

सर्फिंगच्या स्पर्धेत खेळाडू फळीवर उभा किती वेळ असतो, हे मोजणाऱ्यांनी सेकंदासेकंदाने मोजून ठेवलं आहे. व्यावसायिक सर्फरांच्या फेऱ्यांचा हिशेब मांडला तेव्हा ५१ टक्के वेळ पालथं पडून हातांनी पाणी कापण्यात गेलेला दिसला. ४२ टक्के वेळ फळीवर बसून लाटेची वाट पाहण्यात गेला. प्रत्यक्ष लाटेवर गेलेला वेळ ३.८ टक्के भरला. अर्ध्या तासाच्या फेरीत हे जेमतेम एक मिनिट आणि वर काही सेकंद होतात. न्यूझीलंडमधल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात खेळाडूंच्या अंगावर जीपीएस यंत्रं आणि नाडी मोजणारे पट्टे बांधले होते. तिथे लाटेवरचा वेळ ८ टक्क्यांपर्यंत गेला, पण हात मारण्याचा वाटा तसाच निम्म्याहून जास्त राहिला. नाडीचे ठोके सरासरी १४०, आणि ऐन झटापटीत १९०.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाठबळ’ हा विषय दिला, तेव्हा मला हेच आकडे आठवले. छायाचित्रात दिसतो तो त्या एका मिनिटातला माणूस. उरलेली एकोणतीस मिनिटं, आणि त्या एकोणतीस मिनिटांमागचे सकाळ-संध्याकाळचे महिने कोण सांभाळतं, हे मला पाहायचं होतं. यवतमाळहून दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. सेवाग्रामला ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धरली आणि चेन्नई गाठली. तिथून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला गेलं की आधी कोवळम लागतं आणि पुढे महाबलीपुरम. भारतातल्या स्पर्धात्मक सर्फिंगचा बराचसा कारभार या पट्ट्यात चालतो.

वाळूतली सकाळ

कोवळम हे मच्छीमारांचं गाव. पहाटे होड्या परतलेल्या असतात, बायका मासळी निवडत असतात, आणि त्याच वाळूवर थोड्या अंतरावर पोरं-पोरी गोल करून उभी असतात. शिकवणाऱ्याला सगळी अण्णा म्हणतात. पाण्यात जाण्याआधी चांगला वेळ अंग मोकळं करणं चालतं. घाई नाही. मान, खांदे, पाठीचा मधला भाग, कंबर, घोटे, या क्रमाने.

मग वाळूवर बोटाने फळीचा आकार काढतात. त्यात पालथं पडायचं, दोन्ही तळहात छातीशी टेकवायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली आणून उभं राहायचं. आपल्या तालमीत जोर काढताना छाती खालून वर येते, तिथवर ही हालचाल ओळखीची वाटते. त्यानंतर मात्र पाय एका क्षणात पुढे यावे लागतात, आणि तेही एकामागे एक, आडवे, गुडघ्यात वाकलेले. लाट थांबत नाही, म्हणून हे सगळं सेकंदाच्या आत व्हावं लागतं. पोरं दहा-दहा वेळा करतात, थांबतात, पुन्हा करतात. शिकवणारा पाय कुठे पडला ते पाहतो. पाऊल रेषेच्या बाहेर गेलं की खूण करून दाखवतो. बोलणं फारच कमी.

हे सगळं सकाळी लवकर करण्यामागे वारा आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत इथे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर आदळतो आणि लाटेला उभी धरतो, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. दुपारपर्यंत समुद्रावरून उलटा वारा सुटला की लाटा विस्कटतात. लाट मुळात जन्मते हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या वादळांत. ती किती सेकंदांच्या अंतराने येते आहे, कोणत्या दिशेने येते आहे, भरती केव्हा आहे, हे आदल्या रात्री मोबाइलवर पाहून उद्याचा सराव ठरतो. सर्फरच्या पाठीशी असणाऱ्या माणसाचं पहिलं काम समुद्र वाचणं हेच आहे. कसरत दुसऱ्या क्रमांकावर.

खांदा, श्वास आणि पंधरा मीटर

पालथं पडून तासन्‌तास हात मारायचे म्हणजे छाती उचललेली, मान मागे, पाठ कमानीत. भुजंगासनात राहून दोन्ही हात फिरवत बसावं, तशी ही स्थिती. याने खांद्याचे पुढचे स्नायू जाड आणि आखूड होत जातात, मागचे मात्र कमजोर राहतात. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू घासले जातात. सर्फरांच्या जुन्या दुखण्यांत खांदा आणि कंबर वरच्या जागी आहेत. म्हणून किनाऱ्यावरच्या व्यायामात रबरी पट्ट्या दिसतात. खांबाला पट्टी बांधून कोपर अंगाशी धरायचं आणि हात बाहेरच्या बाजूला हळूहळू ओढायचा. दिसायला अगदी मामुली व्यायाम. बघणाऱ्याला त्यात काही पराक्रम वाटत नाही आणि पोरांनाही तो कंटाळवाणा वाटतो. पण हाच चुकवला की दोन-तीन वर्षांनी खांदा बोलायला लागतो.

हात मारण्याचेही दोन प्रकार आहेत आणि दोघांची तयारी वेगळी. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पोहोचायला दमसास लागतो. आलेली लाट पकडायला मात्र पाच-सहा जोरकस हात लागतात, तिच्या वेगाशी वेग जुळवण्यासाठी. या दोन गोष्टी तपासायला खेळशास्त्रात दोन सोप्या चाचण्या आहेत: तलावात फळीवर पडून ४०० मीटर अंतर किती वेळात जातं, आणि थांबलेल्या स्थितीतून १५ मीटर किती सेकंदांत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कॅझ्युअरिना गावी सर्फिंगचं खास प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे अशा मोजमापांवर प्रत्येक खेळाडूचा सराव आखला जातो. लांब पल्ल्यात चांगला असलेला खेळाडू १५ मीटरमध्ये मागे पडतो आहे हे कळलं, तर त्याला आणखी लांब पोहायला लावून काही साधत नाही. त्याला छोट्या झटक्यांचा सराव आणि मध्ये भरपूर विश्रांती द्यावी लागते. ही विश्रांती घड्याळ लावून द्यायची असते. थकलेला खेळाडू स्वतःच्या विश्रांतीचा हिशेब नीट ठेवू शकत नाही.

पायांचं काम शेवटच्या त्या एका मिनिटाचं, पण तिथेच गुण मिळतात. लाटेच्या तळाशी उतरताना बैठक मारल्यासारखं खोल वाकायचं आणि वर झेपावताना ती साठवलेली ताकद सोडायची. हवेत उसळी घेऊन परत फळीवर उतरणाऱ्यांच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर मोठा भार येतो. म्हणून उंचावरून उडी टाकून जागच्या जागी स्थिर राहण्याचा सराव करून घेतात. उतरताना गुडघे आत वळत असतील, तर पाण्यात त्या उड्या बंद. आधी जमिनीवर दुरुस्ती.

श्वासाचा भाग वेगळा, आणि जिवाशी गाठ असलेला. लाटेखाली माणूस दाबला जातो तेव्हा वेळ थोडाच असतो, पण दम आधीच लागलेला असतो. हातपाय झाडले की प्राणवायू लवकर संपतो. म्हणून शांत राहण्याचा सराव करतात: उथळ तलावात श्वास धरून चालणं, तळाशी दगड घेऊन काही पावलं जाणं. याचा पहिला नियम असा की हे एकट्याने कधीही करायचं नाही. शेजारी एक जण फक्त पाहण्यासाठी उभा हवा, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे नको. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले की शरीरातला कर्बवायू कमी होतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच मेंदूला मिळत नाही, आणि माणूस पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतो. आपल्याकडे विहिरीत, धरणात पोरं पैजा लावून बुड्या मारतात. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकवणारी पिढी काठावर बसून असायची. आता पोरं एकटीच जातात. म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो आहे.

पाळी कोणाची

स्पर्धेची फेरी पाहताना पहिल्यांदा काहीच उमगत नाही. दोन किंवा चार जण पाण्यात, प्रत्येकाच्या अंगात वेगळ्या रंगाची बनियन. बराच वेळ सगळे नुसते बसलेले. लाट येते आणि कोणीच उठत नाही. मग एकदम एक जण उठतो.

यामागे प्राधान्याचा नियम आहे. ज्याच्याकडे प्राधान्य, त्याला हवी ती लाट घेण्याचा हक्क. त्याने लाट घेतली, किंवा घेण्यासाठी झटून ती हुकली, की त्याचा हक्क गेला आणि तो रांगेत मागे. दुसऱ्याच्या हक्काच्या लाटेत घुसलं तर गुण कापले जातात. कालव्याच्या पाणीपाळीसारखं आहे हे: पाळी आपली असताना दार उघडलं नाही तर पाणी पुढे जातं, आणि शेजाऱ्याच्या पाळीला हात लावला तर भांडण. पाच परीक्षक प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. शेवटी प्रत्येकाच्या सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज, म्हणजे वीसपैकी. दहा लाटा घेऊन सगळ्या मध्यम, यापेक्षा दोनच घेऊन दोन्ही उत्तम, हे बरं.

आता पाण्यात बसलेल्या माणसाचा विचार करा. डोळे पाण्याच्या पातळीवर, कानांत वारा, ध्वनिक्षेपकावरचं अर्धंच ऐकू येतं. किती मिनिटं उरली, आपल्याला किती गुण हवेत, पाळी कोणाची, मागून येणाऱ्या रांगेत तिसरी लाट पहिलीपेक्षा मोठी आहे का, यातलं बरंचसं त्याला दिसत नाही. काठावर उंच जागी उभा असलेला प्रशिक्षक हे सगळं पाहतो. तो शिट्टी मारतो, हात वर करतो, बाजूला सरक म्हणून खूण करतो. प्रत्येक संघाच्या खुणा ठरलेल्या असतात आणि सरावातच पक्क्या केलेल्या असतात. ऐन फेरीत नवीन खूण काढून चालत नाही.

त्याच्या शेजारी आणखी एक माणूस हवा, दुसरी फळी घेऊन. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं. त्सुरिगासाकी किनाऱ्यावरच्या पुरुषांच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या इतालो फेरेराची फळी पहिल्याच लाटेवर मोडली. तो काठावर आला, दुसरी फळी घेतली, परत गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. ती दुसरी फळी आधीच मेण घासून, तळाचे पंख बसवून, पायाची दोरी बांधून तयार होती. एवढं काम कोणीतरी फेरी सुरू होण्याआधी केलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते वायाच जातं. तरीही ते प्रत्येक फेरीला करायचं.

पोर्तुगालच्या नाझारेसारख्या ठिकाणी हे पाठबळ जीवनमरणाचं होतं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलची माया गाबेरा तिथल्या अजस्र लाटेखाली सापडली आणि बेशुद्ध पडली. तिचा सहकारी कार्लोस बुर्ले याने तिला काठापर्यंत आणलं, वाळूवर तिची छाती दाबून श्वास परत आणला गेला. पुढे शस्त्रक्रिया, वर्षांची मेहनत. २०२० मध्ये त्याच नाझारेत तिने ७३.५ फुटांच्या लाटेवर स्त्रियांचा जागतिक विक्रम केला. अशा ठिकाणी जेटस्की चालवणारा, त्याला काही झालं तर दुसरी जेटस्की घेऊन थांबलेला आणि कड्यावरून वायरलेसवर लाटा सांगणारा, हे सगळे मिळून एक सर्फर होतो.

शाळा नाही तर फळी नाही

भारतात हे पाठबळ आधी सरकारी कचेरीतून आलं नाही, गावातून आलं. कोवळमच्या मूर्ती मेगवन या मच्छीमाराने वस्तीतल्या पोरांना लाटांवर उभं केलं. उद्योजक अरुण वासू यांची मदत मिळाली आणि तिथे सर्फिंगची शाळा उभी राहिली. वासू पुढे भारतीय सर्फिंग महासंघाचे अध्यक्ष झाले. पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरजवळच्या मुल्कीत, ‘मंत्र सर्फ क्लब’ या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. तिथले राममोहन परांजपे महासंघाच्या उभारणीतले एक प्रमुख कार्यकर्ते.

सगळ्यांत मोलाचा नियम मला केरळातल्या कोवलमचा वाटतो. हे गाव वेगळं, तमिळनाडूतल्या कोवळमशी नावापुरतं साम्य. तिथल्या सर्फ क्लबने २००५ पासून गरीब घरांतल्या पोरांना फळ्या दिल्या, पण अट घातली: शाळेत हजेरी नसेल तर समुद्रात जायचं नाही. पाण्याच्या ओढीने पोरं वर्गात बसू लागली. रमेश बुदिहाळ याच क्लबमध्ये वाढला. त्याचं कुटुंब पोटापाण्यासाठी कर्नाटकातून तिथे आलेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली. तिथे खुल्या गटाच्या अंतिम फेरीत त्याने १२.६० गुण मिळवून कांस्यपदक घेतलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. दोन लाटांची बेरीज १२.६०. त्या दोन लाटांमागे वीस वर्षांचं एका क्लबचं हजेरीपुस्तक आहे.

महाबलीपुरमची कमली मूर्ती हिची गोष्ट थोडी निराळी. आई सुगंती मासळी विकणारी. कमलीवर निघालेल्या लघुपटाला ‘बाफ्टा’चं नामांकन मिळालं आणि ती जगाला दिसली. त्या लघुपटाइतकीच माझ्या मनात राहिली ती आईची भूमिका. मुलीचं वय वाढलं की तिने उन्हात, पाण्यात जाऊ नये असं सांगणारे शेजारी सगळीकडेच असतात. ते सोसून मुलीच्या हातातली फळी काढून न घेणं, ही कुठल्याच प्रशिक्षण पुस्तिकेत नसलेली पण सगळ्यांत कठीण कामगिरी. कमलीने पुढे राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

नेहरू स्टेडियमवर

परत आल्यावर यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर पहाटे जाऊन बसलो. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली अंधारातच येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, एकूण ५० गुणांचं मैदान. कळंब, बाभूळगाव, दारव्हा या बाजूंनी आलेली, शहरात खोली करून राहिलेली ही पोरं. मेहनतीत ती कोवळमच्या पोरांना तसूभरही कमी नाहीत. रोज तेच अंतर, तोच वेग, बहुतेकदा डांबरी रस्त्यावरही. नडगी दुखते तरी पळायचं, कारण थांबलो तर मागे पडू ही भीती. बरेच जण स्वतःचं घड्याळ स्वतःच दाबतात. पळताना खांदे ताठ झालेत, शेवटच्या फेरीत पाऊल घसटतं आहे, हे सांगणारं माणूस बाजूला नाही.

असा माणूस बाजूला असला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार लहानपणी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. बाकी सगळी कामं डाव्या हाताने करायचा. प्रशिक्षकाच्या हे लक्षात आलं आणि त्याने डाव्यानेही टाकून पाहायला लावलं. पुढे हा मुलगा दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा म्हणून ओळखला गेला. २०१७ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी चेंडू टाकले. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटी सामन्यात चार षटकं टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी. प्रतिभा त्याची होती. ती डाव्या हातात आहे हे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसलं.

आणि अशा डोळ्यांची परंपरा विदर्भाला नवी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. आपल्या भागातल्या कितीतरी शाळांत शिटी वाजवणारे व्यायामशिक्षक तिथेच घडले. आता शाळाशाळांतून हे पद रिकामं राहतं, आणि त्याचं नुकसान नेहरू स्टेडियमवर पहाटे स्पष्ट दिसतं. तालुक्याला एक जाणता माणूस, घड्याळ आणि वही घेऊन उभा राहिला, तरी किती नडग्या आणि किती वर्षं वाचतील. हे मला अगदी मनापासून वाटतं.

चौघांची एक फेरी

सर्फिंग एकट्याचा खेळ असला तरी त्यात एक सांघिक प्रकार आहे. आशियाई स्पर्धेत त्याला ‘मरहबा कप’ म्हणतात. एका संघात चौघं. ठरलेल्या वेळात एकेकाने समुद्रात जायचं, लाट घ्यायची, वाळूवरून धावत येऊन आखलेल्या चौकोनात परतायचं, मग पुढच्याने निघायचं. इथे सगळी गणितं बदलतात. चांगल्या लाटेसाठी जास्त थांबलो तर शेवटच्याला वेळ उरत नाही. घाईने वाईट लाट घेतली तर गुण बुडतात. ओल्या वाळूवर धावण्याचा दमही लागतो. आणि काठावरच्या तिघांना पाण्यातल्या एकाला सांगावं लागतं, की आता ये, पुरे.

२०२४ मध्ये मालदीवला झालेल्या स्पर्धेत कमली मूर्ती, अजीश अली, श्रीकांत डी. आणि संजय सेल्वमणी या चौघांनी या प्रकारात जपानच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेतून भारताला २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडास्पर्धेचं दार उघडलं. सर्फिंग तिथे पहिल्यांदाच खेळलं जाणार आहे.

जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाटा बंगालच्या उपसागरासारख्या नाहीत. आपल्या खेळाडूंना त्या आधी पाहाव्या लागतील, त्यांवर आठवडेच्या आठवडे काढावे लागतील. प्रत्येकाला वेगवेगळ्या लाटांसाठी तीन-चार फळ्या लागतात, आणि त्या विमानाने न्यायचा खर्च मोठा. सोबत खांदे पाहणारा फिजिओथेरपिस्ट हवा. रोजच्या फेऱ्यांचं चित्रण करून संध्याकाळी दाखवणारा हवा. तमिळनाडू सरकारने २०२३ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि २०२५ ची आशियाई स्पर्धा महाबलीपुरमला होण्यासाठी हात पुढे केला, त्याचा फायदा खेळाडूंना घरच्या किनाऱ्यावर मिळाला. परदेशी किनाऱ्यावर मात्र खेळाडूसोबत कोण कोण जाणार, त्यांची तिकिटं कोण काढणार, हे पथक निघण्याच्या बऱ्याच आधी ठरायला हवं. आयची-नागोयाची स्पर्धा १९ सप्टेंबरला सुरू होते. मे ते सप्टेंबर हे आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या लाटांचे महिने. सरावाचा तोच मोसम आणि प्रवासाचाही तोच.